वाचकांचे प्रश्न : पिट्सबर्गच्या शाळा आणि विद्यापीठे

अमेरिकेतील शिक्षणाविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत न्यूयॉर्क, बॉस्टन अशा महानगरांचीच नावे अधिक असतात. या वेळी मात्र पेन्सिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग या मध्यम आकाराच्या शहराविषयी अनेक पत्रे आली, म्हणून हे सदर त्याच शहरासाठी राखून ठेवले आहे. २०२० च्या जनगणनेनुसार पिट्सबर्गची लोकसंख्या ३,०२,९७१ होती. अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगाहेला या नद्यांचा येथे संगम होतो आणि पुढे त्यांचीच ओहायो नदी होते. शतकभर पोलादावर जगलेले हे शहर आज मुख्यतः रुग्णालये आणि विद्यापीठे यांच्यावर जगत आहे. पत्रे संक्षिप्त करून दिली आहेत.

प्रश्न : माझ्या जावयांची पिट्सबर्गला बदली झाली असून मुलगी आणि नातवंडेही त्यांच्याबरोबर जाणार आहेत. नात आठ वर्षांची आणि नातू तेरा वर्षांचा आहे. दोघेही येथे अनुदानित शाळेत शिकतात. तिथे चांगली शाळा कोणती? प्रवेश परीक्षा किंवा देणगी असते का? शाळा पाहून घर घ्यावे की घर पाहून शाळा? (निवृत्त शिक्षक, फोंडा)

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. सर्वसाधारण सरकारी शाळेसाठी परीक्षा नसते, देणगी नसते आणि शुल्कही नसते. तेथे शाळा ठरते ती घराच्या पत्त्यावरून. पिट्सबर्ग ज्या अ‍ॅलेगेनी कौंटीत (कौंटी म्हणजे आपल्या महसुली जिल्ह्यासारखा विभाग) आहे, त्या एका कौंटीत ४३ स्वतंत्र शालेय जिल्हे आहेत. प्रत्येक जिल्ह्याचे निवडून आलेले शिक्षण मंडळ असते आणि त्याला घरपट्टी आकारण्याचा अधिकार असतो. आपल्याकडे गोव्यात शिक्षकाचा पगार पणजीहून येतो, मग शाळा सत्तरीत असो की तिसवाडीत. तिथे शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा त्या जिल्ह्यातील घरांच्या आणि दुकानांच्या मालमत्ता करातून उभा राहतो. परिणामी, रस्त्याच्या अलीकडचे घर एका जिल्ह्यात आणि पलीकडचे दुसऱ्यात असेल, तर दोन शेजाऱ्यांच्या मुलांच्या शाळांत प्रयोगशाळा, ग्रंथालय, संगीताचे शिक्षक या सगळ्यांतच फरक पडू शकतो. ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही. परंतु जाणाऱ्या कुटुंबाला ती ओळखूनच पाऊल टाकावे लागते. म्हणून घराच्या करारावर सही करण्यापूर्वी तो पत्ता कोणत्या जिल्ह्यात येतो आणि त्या पत्त्याला कोणती शाळा लागू होते, हे जावयांनी जिल्ह्याच्या कार्यालयात स्वतः विचारावे; घर दाखवणाऱ्या दलालाच्या शब्दावर राहू नये. टपालाच्या पत्त्यात पिट्सबर्ग असे लिहिलेले असले, तरी घर शहराच्या शालेय जिल्ह्यात असेलच असे नाही.

चांगल्या निकालांसाठी बहुतेक भारतीय कुटुंबे माउंट लेबनन, अपर सेंट क्लेअर, नॉर्थ अ‍ॅलेगेनी आणि फॉक्स चॅपल या उपनगरी जिल्ह्यांची नावे घेतात. तेथे घरे महाग आहेत आणि मोटारीवाचून चालत नाही. खुद्द शहराच्या शाळा पिट्सबर्ग पब्लिक स्कूल्स या जिल्ह्याच्या अखत्यारीत येतात. त्यांची पटसंख्या घटत घटत २० हजारांच्या आत आली आहे आणि शाळाशाळांत बरेच अंतर आहे. पण केवळ ऐकीव माहितीवरून त्यांना नकार देणे योग्य होणार नाही. स्क्विरल हिल भागातील ऑल्डरडाइस हायस्कूल, कलाशिक्षणासाठी चाचणी घेऊन प्रवेश देणारी कॅपा, विज्ञान आणि तंत्रज्ञानावर भर देणारी सायटेक या शहरातल्याच सरकारी शाळा आहेत. त्यांपैकी कॅपा आणि सायटेक यांना मॅग्नेट शाळा म्हणतात. त्या शहरातील कोणत्याही भागातून येणाऱ्या मुलांसाठी खुल्या असतात, मात्र अर्ज आधीच्या हिवाळ्यात करावा लागतो. नातू तेरा वर्षांचा असल्याने त्याच्यासाठी ही चौकशी आत्ताच सुरू करावी.

शहरातच राहण्याचा एक आर्थिक फायदाही आहे. पिट्सबर्ग प्रॉमिस नावाची शिष्यवृत्ती शहरात राहून शहराच्याच सरकारी शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्या मुलांना पुढील शिक्षणासाठी मिळते. किमान गुण आणि ९० टक्के हजेरी ही तिची अट आहे. तेथील सर्वांत मोठ्या रुग्णालय समूहाने २००७ मध्ये १० कोटी डॉलर देण्याचे वचन दिल्यावर ती उभी राहिली. सध्या मात्र २०२८ मध्ये उत्तीर्ण होणाऱ्या वर्गापर्यंतचीच हमी दिली गेली आहे. आपला नातू त्यानंतर बाहेर पडेल, म्हणून या रकमेवर विसंबून घर निवडू नये.

आपण शिक्षक आहात, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. तेथे इयत्ता मुख्यतः वयावरून ठरते; नात बहुधा तिसरीत आणि नातू सातवीत किंवा आठवीत बसेल. नववी ते बारावी हे हायस्कूल. आपल्या दहावीसारखी एकच निर्णायक बोर्डाची परीक्षा नसते. चार वर्षे विषयवार श्रेयांक जमवत जायचे असतात आणि त्या चारही वर्षांचे गुणपत्रक पुढे विद्यापीठ पाहते. त्यामुळे दहावीच्या वर्षी कंबर कसू, ही आपली सवय तेथे उपयोगी पडत नाही, कारण नववीच्या पहिल्या सत्रातील गुणही कायमचे नोंदले जातात. राज्यातील शाळा साधारणपणे १८० दिवस भरते आणि शहरातील वर्ष ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते. नातवंडांचे इंग्रजी कच्चे असेल, तर नावनोंदणीच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता, हा प्रश्न येईल. तिथे मराठी किंवा कोंकणी असेल ते निःसंकोच लिहावे. ते लिहिल्याने मुलांच्या इंग्रजीची चाचणी होते आणि गरज असल्यास वेगळा शिक्षक विनामूल्य मिळतो. प्रतिष्ठेखातर इंग्रजी लिहिणारे पालक हा हक्क नकळत गमावतात.

आपल्या बालरथासारखी शाळेची पिवळी बसही बहुतेक जिल्ह्यांत विनामूल्य असते. ती थांबून तिच्या अंगावरचा लाल फलक बाहेर आला, की दोन्ही दिशांची वाहने जागच्या जागी उभी राहतात. न थांबणाऱ्याला जबर दंड होतो.

प्रश्न : माझी मुलगी दहावी उत्तीर्ण झाली आहे. माझा भाऊ पिट्सबर्गला स्थायिक आहे. तिला त्याच्याकडे ठेवून तेथील सरकारी हायस्कुलात शिकवता येईल का? (गृहिणी, मडगाव)

उत्तर : तुम्हाला अपेक्षित आहे त्या रीतीने नाही. विद्यार्थी व्हिसावर सरकारी हायस्कुलात जास्तीत जास्त १२ महिने शिकता येते आणि त्या वर्षाचा संपूर्ण खर्च विद्यार्थ्याला स्वतः शालेय जिल्ह्याकडे भरावा लागतो. मामा तेथील करदाते असले, तरी ही अट सुटत नाही. पर्यटक व्हिसावर नेऊन शाळेत घालणे हा व्हिसाच्या अटींचा भंग आहे आणि त्याचा फटका मुलीला पुढे प्रत्येक अर्जात बसेल. खासगी शाळेला १२ महिन्यांची मर्यादा नाही, परंतु तेथील शुल्क जड असते. गोव्यात डायोसीझनच्या शाळांनाही सरकारी अनुदान असल्यामुळे चर्चची शाळा म्हणजे स्वस्त शाळा, असा आपला समज असतो. तेथे चर्चच्या शाळेत शिक्षकांचे पगार सरकार देत नाही, ते मुख्यतः पालकांच्या शुल्कातून द्यावे लागतात. मुलीने बारावी गोव्यातच करावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, आहे. येथे त्याला दोन शाळा बदलाव्या लागल्या. नोकरीनिमित्त आम्ही पिट्सबर्गला जात आहोत. तेथील शाळा त्याला घेईल का? (पालक, वास्को)

उत्तर : घेईल, घेणे तिला बंधनकारक आहे. अमेरिकेत १९७५ पासून असा केंद्रीय कायदा आहे की, अपंगत्व किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेने त्याच्या गरजेनुसार विनामूल्य शिक्षण द्यावे. त्यासाठी शाळा तपासणी करते आणि पालकांना टेबलाशी बसवून त्या मुलापुरता एक लेखी आराखडा तयार करते. वाचनासाठी आठवड्यातून किती वेळ खास शिक्षक मिळेल, परीक्षेत जादा वेळ किती, प्रश्न वाचून दाखवले जातील का, वर्षाअखेर त्याने कुठवर पोहोचावे, हे सारे त्यात नोंदलेले असते आणि वर्षातून किमान एकदा त्याचा फेरविचार होतो. आराखडा पटला नाही, तर पालकांना दाद मागता येते.

मात्र ही तपासणी मागावी लागते आणि ती लेखी मागावी. शाळेत पाऊल ठेवल्यावर पहिल्याच आठवड्यात तारीख घालून अर्ज द्या. येथील तज्ज्ञांचे अहवाल इंग्रजीत घेऊन जा; ते निर्णायक ठरणार नाहीत, पण तपासणीला दिशा देतील. आपल्याकडे असे दुखणे चारचौघांत बोलायचे नाही, अशी पालकांची वृत्ती असते आणि तिच्यापायी मुलांची उमेदीची वर्षे वाया जाताना पाहून फार वाईट वाटते. तिथे शिक्षकांशी पहिल्या दिवसापासून मोकळेपणाने बोला.

प्रश्न : मी गोवा विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढे पिट्सबर्गला शिकायचे आहे. कार्नेगी मेलन की पिट्सबर्ग विद्यापीठ? खर्च कसा भागवावा? वडिलांचे छोटे दुकान आहे. (विद्यार्थिनी, डिचोली)

उत्तर : ओकलंड नावाच्या एकाच भागात, फोर्ब्स अ‍ॅव्हेन्यूवर चालत जाण्याच्या अंतरावर ही दोन्ही विद्यापीठे आहेत, परंतु त्यांची घडण वेगळी आहे. पिट्सबर्ग विद्यापीठ १७८७ मध्ये एक लहान अकादमी म्हणून सुरू झाले आणि १९६६ पासून त्याला राज्याचे अंशतः अर्थसाहाय्य आहे. वैद्यक, आरोग्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान ही त्याची बलस्थाने. जोनास साल्क यांनी पोलिओची लस येथेच विकसित केली आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये शहरातील आर्सेनल प्राथमिक शाळेच्या मुलांना ती टोचण्यास सुरुवात झाली. कार्नेगी मेलन हे खासगी विद्यापीठ आहे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०० मध्ये कामगारांच्या मुलांसाठी काढलेल्या तंत्रशाळांतून ते उभे राहिले आणि १९६७ मध्ये मेलन इन्स्टिट्यूटशी एकत्रीकरण झाल्यावर त्याला आजचे नाव मिळाले. संगणकशास्त्रात ते जगातील अग्रगण्य विद्यापीठांपैकी एक आहे. तेथील रोबोटिक्स इन्स्टिट्यूट १९७९ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालक आंध्रात जन्मलेले राज रेड्डी होते. त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार १९९४ साठी मिळाला.

तुमच्या विषयात कार्नेगी मेलनचे नाव मोठे आहे, हे खरे. पण तुमच्या पत्रातील दुकानाचा उल्लेख मी विसरू शकत नाही. तेथील पदवी अभ्यासक्रमाचे केवळ शिक्षणशुल्क वर्षाला ६० हजार डॉलरहून अधिक आहे, परदेशी पदवी विद्यार्थ्यांना ते विद्यापीठ आर्थिक साहाय्य देत नाही आणि पदव्युत्तर पदवीचे बहुतेक विद्यार्थीही स्वतःच्या खिशातून खर्च करतात. पिट्सबर्ग विद्यापीठात राज्यातील रहिवाशांसाठी सवलतीचे शुल्क आहे, परंतु विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना ते लागू होत नाही. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते; त्यातून किराणा आणि फोनचा खर्च निघेल, शुल्क निघणार नाही. नोकरी लागेलच, या भरवशावर घर किंवा दुकान गहाण ठेवून पदव्युत्तर पदवीला जाऊ नका. शिक्षणानंतर एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी दोन वर्षे काम करण्याची मुभा सध्याच्या नियमांत आहे, पण ती केवळ मुभा आहे.

याहून वेगळी वाट पीएचडीची आहे आणि गोव्यातील फार थोड्या मुलांना कोणी ती सांगते. या दोन्ही विद्यापीठांत संगणकशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचे शुल्क सामान्यतः विद्यापीठ भरते आणि वर निर्वाहापुरते विद्यावेतन देते. बदल्यात संशोधनात किंवा अध्यापनात साहाय्य करावे लागते. प्रवेश मिळणे अत्यंत कठीण असते आणि त्यासाठी गुणांपेक्षा तुम्ही प्रत्यक्ष केलेल्या संशोधनाचे वजन अधिक असते. म्हणून तीन वर्षांच्या पदवीवर लगेच अर्ज करू नका, असे मी सुचवीन. नव्या शैक्षणिक धोरणानुसार गोवा विद्यापीठात चौथे ऑनर्सचे वर्ष उपलब्ध झाले आहे. ते करा, किंवा ताळगाव पठारावर एम.एस्सी. करा. अमेरिकेतील अनेक विभागांना सोळा वर्षांचे शिक्षण हवे असते आणि त्या वर्षात एखाद्या प्राध्यापकांच्या हाताखाली खरा प्रकल्पही करून होईल. शिफारसपत्र असे लिहिणारा हवा, ज्याने तुमचे काम पाहिले आहे. पदनामाने मोठ्या, पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाच्या पत्राचा उपयोग होत नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे. अर्ज करण्यापूर्वी तिच्या चालू अटी महामंडळाच्या कार्यालयातून लेखी मागून घ्या.

पिट्सबर्ग विद्यापीठात गेलात, तर ४२ मजल्यांच्या कॅथेड्रल ऑफ लर्निंगमध्ये अवश्य जा. ती इमारत बांधताना शहरातील ९७ हजार शाळकरी मुलांनी दहा-दहा सेंट पाठवले होते. तेथे निरनिराळ्या देशांच्या परंपरेनुसार सजवलेले वर्ग आहेत आणि २००० मध्ये तयार झालेला भारतीय वर्ग नालंदाच्या विहाराच्या धर्तीवर, गुलाबी छटेच्या विटांनी बांधलेला आहे. त्यातील बाकांवर आजही तासिका भरतात.

प्रश्न : माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. अमेरिकेत शिकायला जाताना मला विद्यार्थी व्हिसाची गरज नाही, असे मित्र सांगतात. (विद्यार्थी, म्हापसा)

उत्तर : मित्रांचे ऐकू नका. पोर्तुगालच्या नागरिकाला अमेरिकेत थोड्या दिवसांच्या भेटीसाठी व्हिसामाफी आहे, पण पदवीच्या शिक्षणासाठी विद्यार्थी व्हिसा लागतोच. विद्यापीठाने पाठवलेला प्रवेशाचा दाखला, एका वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवणारी कागदपत्रे आणि मुलाखत, हे सारे इतरांप्रमाणेच.

प्रश्न : खाणी बंद पडल्यापासून आमच्या भागातील तरुणांच्या हाताला काम नाही. पोलाद गेल्यावर विद्यापीठांनी पिट्सबर्ग वाचवले, असे वाचले. हे कितपत खरे आहे आणि आपण त्यातून काय घ्यावे? (ट्रकमालक, सांगे)

उत्तर : हे अर्धे खरे आहे आणि उरलेले अर्धे क्वचितच सांगितले जाते. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या ६,७६,८०६ होती. आज ती निम्म्याहूनही कमी आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडले, १९८६ मध्ये होमस्टेडचा प्रसिद्ध कारखानाही गेला आणि तरुण कामधंद्यासाठी बाहेर पडले. विद्यापीठे तेव्हाही होती. त्यांनी लगेच कोणाला नोकरी दिली नाही. रोबोटिक्स, संगणक, वैद्यकीय संशोधन यांत दशकानुदशके पैसा आणि माणसे गुंतवल्यावर हळूहळू नवे उद्योग उभे राहिले. हेझलवूड भागात १९९८ मध्ये बंद झालेल्या, पोलादासाठी कोक (दगडी कोळशापासून केलेले इंधन) बनवणाऱ्या कारखान्याच्या जमिनीवर मिल १९ नावाची इमारत आहे. जुन्या कारखान्याचा पोलादी सांगाडा तसाच उभा ठेवून त्याच्या आत नवी इमारत बांधली आहे आणि छपराच्या जागी सौर पट्ट्या बसवल्या आहेत. आत कार्नेगी मेलनचे उत्पादन-तंत्रज्ञानाचे संशोधन चालते.

पण नदीकाठची गावे पाहा. होमस्टेडच्या कारखान्याच्या जागी बाजारसंकुल झाले. बारा जुनी धुराडी तेवढी ओळीने उभी आहेत. ड्युकेन या गावात कारखाना गेला, घरांच्या किमती पडल्या, कर आटला आणि २००७ मध्ये तेथील हायस्कूल बंद करून मुलांना शेजारच्या जिल्ह्यांत पाठवावे लागले. ज्या शहराची ख्याती विद्येची, त्याच्या सावलीतल्या गावाला स्वतःचे हायस्कूल चालवता आले नाही, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. त्यात आणखी एक पेच आहे. विद्यापीठे आणि बिगरनफा रुग्णालये यांना मालमत्ता कर माफ असतो. त्यांच्या इमारती जसजशा पसरतात, तसतशी कर देणारी जमीन घटते आणि त्याची झळ सरकारी शाळांना लागते. अखेर फेब्रुवारी २०२३ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या कॉमनवेल्थ न्यायालयाने शाळांना निधी देण्याची राज्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. तो खटला गरीब शालेय जिल्ह्यांनी आणि पालकांनी मिळून लढवला होता.

आपल्याकडे २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. ट्रक आणि बार्ज यांच्यावर पोसलेल्या घरांचे काय झाले, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहे. पिट्सबर्गकडून घ्यायचे असेल, तर मी रोबोटिक्स इन्स्टिट्यूटच्या आधी कम्युनिटी कॉलेजचे नाव घेईन. अ‍ॅलेगेनी कौंटीचे कम्युनिटी कॉलेज १९६६ मध्ये सुरू झाले. तेथे स्थानिकांना अल्प शुल्कात दोन वर्षांची पदवी, परिचारिकेचे शिक्षण, वेल्डिंग, वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती असे अभ्यासक्रम करता येतात. संध्याकाळचे वर्ग असल्यामुळे संसार असलेला चाळिशीचा माणूसही येतो आणि दोन वर्षांनंतर इच्छा असल्यास पुढची वर्षे मोठ्या विद्यापीठात करू शकतो. सांगे, केपे, डिचोलीत आयटीआय आणि महाविद्यालये आहेत, परंतु पंचवीस वर्षे ट्रक चालवलेल्या माणसाला संध्याकाळी त्यांची दारे बंदच दिसतात. ती त्याच्यासाठी उघडावीत, ही मागणी तुमच्या संघटनेने पंचायतीमार्फत आणि आमदारांमार्फत लावून धरावी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. दिवसा वापरात असलेल्या कार्यशाळा आणि मानधनावरचे शिक्षक पुरेसे आहेत.

प्रश्न : मुलांच्या शाळाप्रवेशासाठी गोव्याहून कोणती कागदपत्रे न्यावीत? (पालक, पेडणे)

उत्तर : जन्मदाखला, मागील वर्षांची गुणपत्रके आणि लसीकरणाची नोंद येथून न्यावी, घराचा भाडेकरार किंवा वीजबिल तेथे गेल्यावर जोडावे लागेल. मराठीत असलेल्या कागदांचा इंग्रजी अनुवाद प्रमाणित करून घ्यावा. कागद पूर्ण असतील, तर पाच कामकाजाच्या दिवसांत प्रवेश देणे शाळेवर बंधनकारक आहे आणि पालकांचा व्हिसा कोणता, हे तिने विचारायचे नसते.

बहुतेकांची अडचण लसींपाशी होते. पेन्सिल्व्हेनियात गोवराबरोबर गालगुंडाच्या आणि कांजिण्यांच्या प्रत्येकी दोन मात्रा लागतात. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंड आणि कांजिण्या यांची मिळत नाही. त्यामुळे आरोग्य केंद्राचे कार्ड पूर्ण भरलेले असूनही तिथे ते अपुरे ठरते. सातवीत जाणाऱ्या मुलाला धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची वाढीव मात्रा आणि मेनिंजायटिसची लसही लागते. दोन मात्रांत काही आठवड्यांचे अंतर ठेवावे लागत असल्याने तिकिटे काढण्यापूर्वीच बालरोगतज्ज्ञांना भेटावे आणि प्रत्येक मात्रेची तारीख डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह इंग्रजीत लिहून घ्यावी.